सिंधुबाई डिस्क देत नाहीत

दुकान पुंजाराम काकडांचं, पाटीवर नावही त्यांचंच. पण अंबड लिंक रोडवर कुणालाही विचारा, तो ‘काकूंचं दुकान’ म्हणूनच पत्ता सांगेल.

पुंजाराम कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी हे हार्डवेअरचं दुकान टाकलं, तेव्हा सिंधुबाई फक्त दुपारचा डबा घेऊन यायच्या. पुंजारामांचा स्वभाव मोठा गोड. गिऱ्हाइकाने मागितलं ते द्यायचं, नसेल तर त्याच्यासारखं दिसणारं काहीतरी द्यायचं आणि वर चहा पाजायचा. एक दिवस डबा उघडता उघडता सिंधुबाईंनी पाहिलं, की एकाने ग्राइंडरवर लावून लोखंड घासायची डिस्क मागितली आणि नवऱ्याने त्याच्या हातात लोखंड कापायची ठेवली.

“अहो, ही पापडासारखी पातळ आहे,” त्या म्हणाल्या. “आडवी धरून घासली तर मोडणार नाही का?”

“मोडते ना,” गिऱ्हाईक शांतपणे म्हणालं. “परवाच मोडली. इथूनच नेली होती.”

दुसऱ्या दिवसापासून सिंधुबाई काउंटरवर आणि पुंजाराम आतल्या खुर्चीत पेपर घेऊन. हे कुणी ठरवलं नव्हतं, झालं आपलं.

सिंधुबाईंचं माहेर मखमलाबादचं, फुलांच्या मळ्याचं. लहानपणापासून शेवंती निवडून निवडून त्यांच्या बोटांना एक समज आली होती. फूल कालचं की आजचं, हे त्या न बघता सांगत. ती समज आता डिस्कवर चालू लागली. फ्लॅप डिस्क म्हणजे एकावर एक चिकटवलेल्या पॉलिश पेपरच्या पाकळ्याच. त्यावरून अंगठा फिरवून त्या ‘ही चाळीस नंबर, ही ऐंशी’ असं सांगायच्या, आणि खोक्यावर वेगळा आकडा असला तर खोकं बदलायच्या. बाकीचं त्यांनी कंपनीच्या सेल्समनकडून काढून घेतलं. तो माणूस पूर्वी महिन्यातून दोनदा यायचा, आता फोनवरच ऑर्डर घेतो.

त्यांचे तीन प्रश्न साऱ्या रस्त्याला पाठ झाले होते. काय घासायचंय? मशीन केवढं? आणि मशीनला गार्ड, म्हणजे डिस्कवरचं झाकण, आहे का? तिसऱ्या प्रश्नाला चांगले मिशीवाले गडी वर टांगलेल्या पाइपांकडे बघायला लागत. गार्ड काढून चार इंची मशीनवर सात इंची डिस्क बसवणाऱ्या एकाला त्यांनी डिस्कवर छापलेले फेरे मोठ्याने वाचायला लावले होते. मशीन मिनिटाला अकरा हजार फेरे घेणार, डिस्कची ताकद साडेआठ हजारांची. “मग उरलेले अडीच हजार फेरे कुणाच्या तोंडावर घ्यायचे ठरलेत?” त्यांनी विचारलं होतं. डिस्कच्या मधल्या कडीवरची तारीख उलटली, की त्या ती स्वतःच्या हाताने मोडून टाकत. आतून पुंजारामांचा सुस्कारा ऐकू येई.

गोटीराम हा त्यांच्याकडचा रोजचा माणूस. मूळचा हरसूलकडचा, वेल्डिंग शिकायला म्हणून अंबडला आला आणि आता त्याच रस्त्यावर त्याचा गाळा होता. हात इतका सफाईदार, की जोड शोधावा लागे. दोष एकच, घाई. पोह्यांवरचं लिंबू पिळायलाही तो थांबत नसे.

त्याला गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याचं स्टेनलेस स्टीलचं रेलिंग मिळालं होतं. बंगला मंजुषा मॅडमचा. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झालेल्या, आणि वास्तुशांत पंधरा दिवसांवर आलेली.

“काकू, फ्लॅप डिस्क द्या. नेहमीची. लय घाई हे.”

“काय घासायचंय?”

“स्टील.”

“मग नेहमीची नाही. ही घे, स्टीलसाठीची. आणि ही वेगळ्या डब्यात ठेवायची. लोखंडाला लागलेली डिस्क स्टीलला लावायची नाही.”

“डिस्क ती डिस्क, काकू. सकाळी गेट घासलं तीच अर्धी शिल्लक हे, अजून एक जोडीला द्या फक्त.”

“मग नाही देत.”

गोटीराम हसत हसत निघून गेला आणि त्याने गेटला वापरलेल्या अर्ध्या डिस्कवरच काम भागवलं. रेलिंग चांदीसारखं चमकलं. मॅडमनी स्वतः त्याला चहा करून दिला.

आठ दिवसांनी गोटीराम पुन्हा दुकानात आला. आधी पाव किलो नट घेतले. मग एक स्क्रू ड्रायव्हर घेतला, तसे त्याच्याकडे आधीच चार होते. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, “काकू, एक तारेचा ब्रश द्या. लोखंडी.”

“कशाला?”

“असंच. घरी.”

सिंधुबाईंनी ब्रश काढला, काउंटरवर ठेवला आणि त्यावर स्वतःचा हात ठेवला. “गोटीराम, रेलिंगला काय झालं?”

मग सगळं बाहेर आलं. गच्ची धुतल्यापासून रेलिंगवर तांबडे ठिपके उठले होते, गोवर आल्यासारखे. मॅडमचं म्हणणं, स्टील नकली. त्यांनी फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं लोहचुंबक आणून लावून पाहिलं; ते चिकटेना, म्हणजे स्टील खरं निघालं, म्हणून त्या आणखीच चिडल्या. आता गोटीराम सगळे ठिपके लोखंडी ब्रशने खरवडून काढणार होता.

“म्हणजे लोखंडावर आणखी लोखंड घासणार,” सिंधुबाई म्हणाल्या. त्यांनी ब्रश परत खोक्यात टाकला आणि आत हाक मारली, “अहो, काउंटरला बसा. काही विकू नका.”

त्यांनी स्टीलच्या दोन नव्या डिस्क घेतल्या, एक मऊ नायलॉनचं चाक घेतलं आणि वाटेत किराणा दुकानातून अर्धा किलो लिंबूसत्त्व. त्यांच्या स्कूटीवर मागे गोटीराम ग्राइंडर पोटाशी धरून बसला, आजारी माणसाला दवाखान्यात न्यावं तसा.

बंगल्यात शिरल्यावर सिंधुबाई क्षणभर थबकल्याच. मॅडमनी प्रत्येक ठिपक्याभोवती लाल पेनने गोल केला होता आणि शेवटच्या खांबावर एकूण आकडा लिहून खाली रेघ मारली होती. दोनशे सतरा.

“तुम्ही कोण?” मॅडमनी विचारलं.

“मी डिस्क विकते. याला विकली नाही, त्यावरून हे झालंय.” सिंधुबाईंनी एका ठिपक्यावर अंगठा फिरवला. “मॅडम, तुमचं स्टील चांगलं आहे. मिरची चिरलेल्या सुरीने कलिंगड कापलं, तर कलिंगड तिखट लागतं. त्यात कलिंगडाचा दोष नसतो. डिस्कमध्ये गेटाचं लोखंड भरलेलं, ते रेलिंगला लागलं आणि आता तेच गंजतंय.”

मॅडमनी गोटीरामकडे पाहिलं. “तुम्हाला हे माहीत होतं?”

“काकूंनी सांगितलं होतं,” गोटीराम म्हणाला. “मी ऐकलं नाय.”

“मग इतके दिवस गप्प का होतात?”

“तुम्ही लाल पेन घेऊन उभ्या होत्या.”

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो जागेवर आणला.

मग तीन तास काम चाललं. गोटीरामने नव्या डिस्कने हलक्या हाताने ठिपके काढले, त्यावर नायलॉनचं चाक फिरवलं. सिंधुबाईंनी गरम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून फडक्याने दांडीन् दांडी पुसली, भिजत ठेवली, धुतली, कोरडी केली. गंज चटकन निघाला. त्रास दिला तो ज्या भागाला घासायची गरज नव्हती तिथल्या लाल शाईने. ती काढायला शेवटी मॅडमच स्पिरिट घेऊन बसल्या आणि काढता काढता त्यांनी सिंधुबाईंना विचारलं, की घरातल्या विळीला धार लावायला यातली कुठली डिस्क चालेल. “कुठलीच नाही, पातं जळेल,” सिंधुबाई म्हणाल्या. मॅडमनी अशी मान हलवली, जणू कुणीतरी पहिल्यांदाच त्यांना सरळ उत्तर दिलं होतं.

पुढचे चार दिवस मॅडमनी रेलिंगवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. एकही ठिपका उठला नाही.

वास्तुशांतीला काकड नवरा-बायकोला खास आमंत्रण होतं. पुंजाराम पंगतीत दोन अनोळखी माणसांना आपण बायकोला धंदा कसा शिकवला ते सांगत होते. सिंधुबाईंनी ते ऐकलं आणि आणखी एक जिलबी वाढून घेतली.

गोटीरामने हरसूलहून आपल्या आईला, पुतळाबाईंना आणलं होतं. त्या गच्चीवर गेल्या, रेलिंगवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत चालल्या आणि जोड कुठे आहेत ते शोधत राहिल्या. एकही सापडला नाही.

“हे तू केलंस?” त्यांनी विचारलं.

गोटीराम हो म्हणणार होता. तेवढ्यात त्याला जिन्यात सिंधुबाई दिसल्या.

“दोनदा केलं,” तो म्हणाला.