दोनशे बारा की दोनशे चौदा

सहदेव परब एकतीस वर्षं कॅडी होते. चेंबूरकडच्या एका गोल्फ क्लबात दुसऱ्यांच्या पिशव्या खांद्यावर घेऊन ते रोज पाच-सहा मैल चालत आणि संध्याकाळी बस पकडून भांडुपला घरी जात. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर गाववाल्या कुणीतरी सहदेवला या क्लबात चिकटवून दिलं, तेव्हा घरी सांगितलं होतं, "दोन-चार महिने कर, मग बघू." ते बघायचं अजून राहिलंय.

परबांचं नाव होतं ते अंतरासाठी. चेंडू पडला तिथे उभं राहून ते लांबच्या ग्रीनवरच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरच्या, झेंड्याकडे बघत आणि सांगत, "एकशे अडतीस यार्ड. आठ नंबरची काठी घ्या." त्यांचं एक पाऊल म्हणजे बरोबर एक यार्ड. नवीन होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी त्यांनी सगळं मैदान पावलांनी मोजून काढलं होतं. कुठल्या झाडापासून कुठला खड्डा किती लांब, सगळं तोंडपाठ. शिवाय देवनारच्या डम्पिंगचा वास आला की वारा पूर्वेचा, एक नंबर बदला, हे त्यांना नाकच सांगे.

गेली दोन वर्षं ते हितेशभाईंची पिशवी उचलत होते. हितेशभाईंचं घाटकोपरला टाइल्सचं मोठं दुकान. गोल्फच्या मैदानावर मोठे बिल्डर भेटतात असं कुणीतरी सांगितल्यामुळे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या मनात या खेळाबद्दल आवड निर्माण झाली. बिल्डर भेटले. चेंडू मात्र भेटेना. तो कधी तळ्यात, कधी बाभळीत, एकदा तर चक्क मागे गेला. हितेशभाईंनी बूट बदलले, काठ्या बदलल्या, मग शिक्षक बदलला. आता बदलायचं उरलं होतं ते फक्त स्वतःला; पण त्याआधी त्यांना एक दोष सापडला.

"सहदेव, तुझं सगळं अंदाजपंचे असतं," ते म्हणाले. "मला एक्झॅक्ट आकडा कळत नाही ना, म्हणून माझा गेम बसत नाही."

त्यांचा खेळातला जोडीदार हर्षद लगेच म्हणाला, "करेक्ट! मशीन घे यार. मीपण घेतो."

म्हणून एका मंगळवारी दोघं अंधेरीला लिंक रोडवरच्या दुकानात गेले, आणि परबांनाही सोबत नेलं. आपल्या जागी येणाऱ्या यंत्राची निवड करायला माणसाला स्वतःला बोलावतात, हा मान फार थोड्यांना मिळतो.

दुकानात दिशा नावाची मुलगी होती. तिने गोल्फचं मैदान कधी पाहिलं नव्हतं, पण माहिती पाठ होती. मनगटावरचं घड्याळ उपग्रहाला विचारून अंतर सांगतं. दुसरी लेझरची छोटी दुर्बीण. झेंड्यावर रोखून बटण दाबायचं, झेंडा सापडला की ती हातात थरथरते.

दोन कंपन्यांच्या दुर्बिणी घेऊन मंडळी फुटपाथवर आली. समोर रस्त्यापलीकडे, बरंच लांब, कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा बॅनर होता. हितेशभाईंनी त्याच्या नाकावर नेम धरला.

"दोनशे बारा!"

हर्षदने दुसऱ्या दुर्बिणीतून तेच नाक मोजलं. "दोनशे चौदा."

"चौदा कसं असेल? बारा आहे."

"अरे, माझी कंपनी जपानी आहे."

पुढची वीस मिनिटं या दोन यार्डांवर वाद झाला. ज्याचा चेंडू ठरलेल्या जागेपासून तीस यार्डांच्या आत कधी पडला नव्हता, तो माणूस दोन यार्डांसाठी कपाळाच्या शिरा फुगवून भांडत होता. शेवटी हितेशभाईंनी दुर्बीण परबांच्या हातात कोंबली. "तू बघ रे."

परबांनी आधी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. समोर एक पिवळा डाग होता. मग दुर्बीण डोळ्याला लावली आणि ते दचकलेच. डागाला मिशी होती. गळ्यात साखळी होती. खाली "हार्दिक" ऐवजी "हर्दिक" छापलं होतं. थोडं धूसर, पण सहापट मोठं.

दोन वर्षं परब देवनारच्या धुराला शिव्या घालत होते. हवा बिघडली, झेंड्यांचा कपडा हलका येतो, बसवाले पाट्या नीट रंगवत नाहीत, असं त्यांचं मत झालं होतं. बायको कमळ सांगत होती, "डोळे दाकवून येवा," तर तिलाच ते चष्मा बदलायला सांगत. मैदान पाठ होतं म्हणून अंतर चुकत नव्हतं. चेंडू कुठे पडला ते आवाजावरून आणि उडालेल्या कावळ्यांवरून कळायचं. आणि या सगळ्याला क्लबात "सहदेवची नजर" म्हणत.

"काय मग?" हितेशभाईंनी विचारलं. "मला तर घड्याळ आवडलंय. स्टायलिश आहे."

परबांचं डोकं भराभर चालू लागलं. घड्याळ साहेबांच्या मनगटावर राहणार. दुर्बीण मात्र पिशवीत राहणार, आणि पिशवी परबांच्या खांद्यावर.

"साहेब, घड्याळ ग्रीनच्या मध्याचं अंतर सांगतं. झेंडा रोज जागा बदलतो. लेझर झेंडाच पकडतो," ते म्हणाले. हे खरंच होतं, पण त्याचा काही परिणाम दिसेना. तेव्हा ते पुढे म्हणाले, "आणि घड्याळ काय, सगळेच घालतात. दुर्बीण काढली की अख्खा ग्रुप थांबून बघतो."

दुर्बीण घेतली गेली.

मैदानावर हितेशभाईंचा हात स्थिर राहीना. एकाच झेंड्याचं अंतर एकदा एकशे अठ्ठेचाळीस, एकदा मागच्या झाडाचं एकशे नव्वद आणि एकदा मधूनच जाणाऱ्या माळ्याचं साठ. तिसऱ्या दिवशी ते वैतागून म्हणाले, "तूच बघ आणि सांग." म्हणजे व्यवस्था पूर्वीसारखीच झाली, फक्त महाग झाली. परब दुर्बिणीतून अंतर बघत, चेंडू बघत, पुढे माणसं आहेत का तेही बघत. बाकीचे मेंबर म्हणाले, "सहदेवची नजर या वयातही काय आहे बघा!" हितेशभाईंचा चेंडू मात्र आता एक्झॅक्ट आकडा ऐकून तळ्यात जाऊ लागला.

असे दोन महिने गेले. मग एका रविवारी हर्षदने स्वतःची दुर्बीण घरी विसरल्यामुळे हितेशभाईंची मागून घेतली आणि तो पुढच्या ग्रुपबरोबर निघून गेला. सातव्या होलवर हितेशभाईंनी विचारलं, "सहदेव, किती?"

"एकशे बावन्न. सात नंबर."

"ग्रीन मोकळी आहे ना?"

परबांनी पाहिलं. हिरव्यावर हिरवंच दिसत होतं. "नाही दिसत, दुर्बीण येऊ द्या" एवढंच म्हणायचं होतं. एकतीस वर्षांत ते वाक्य कधी म्हटलं नव्हतं, म्हणून तोंडातून निघालं नाही.

"मोकळी आहे, साहेब."

हितेशभाईंनी काठी फिरवली. आयुष्यातला पहिला अचूक फटका त्यांनी नेमका त्या क्षणी मारला. चेंडू सरळ गेला, एकशे बावन्न यार्ड, एक इंच कमी नाही की जास्त नाही, आणि ग्रीनवर हिरवा टी-शर्ट घालून वाकलेल्या चंद्रप्रकाश साहेबांच्या पार्श्वभागावर आदळला. चंद्रप्रकाश साहेब क्लबाच्या कमिटीचे अध्यक्ष होते, आणि हर्षद त्यांच्याच ग्रुपात होता.

सगळे धावले. अध्यक्ष उभे होते. बसणं शक्यच नव्हतं. हितेशभाई आधी माफी मागू लागले, पण मध्येच न राहवून हर्षदला म्हणाले, "शॉट बघितलास?" मग अध्यक्षांचा चेहरा पाहून त्यांनी बोट परबांकडे केलं. "याने मोकळी आहे म्हणून सांगितलं."

परब पुढे आले. चेंडू डोक्याला लागला असता तर, हा एकच विचार मनात होता.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मला दिसलं नाही. दोन वर्षं झाली, मला लांबचं दिसत नाही. मैदान पाठ आहे, म्हणून सांगत होतो."

दोन वर्षं ज्या नजरेवर विसंबून या लोकांनी पैजा लावल्या होत्या, त्या नजरेची ही गोष्ट पचायला वेळ लागणारच.

कमिटी बसली. अध्यक्ष उशी घेऊन बसले. ठराव झाला की सर्व कॅडींचे डोळे तपासावेत. मेंबरांचेही तपासावेत अशी एक सूचना आली होती. ती मेंबरांच्या प्रतिष्ठेला धरून नसल्यामुळे फेटाळण्यात आली. परबांना डॉक्टरचा दाखला आणेपर्यंत कामावर यायला मनाई झाली.

मुलुंडच्या एका धर्मादाय इस्पितळात कमळने त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. महिन्याच्या अंतराने दोन ऑपरेशनं झाली. दुसरी पट्टी निघाली त्या सकाळी परब घरात बसून बराच वेळ बायकोकडे बघत राहिले.

"गो, तुजे केस कदी पांडरे झाले?"

"तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होतो, तेवाच," कमळ म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

दाखला घेऊन परब क्लबात परतले. हितेशभाईंनी मधल्या काळात तीन कॅडी बदलले होते. आल्या आल्या त्यांनी पिशवी दिली, आणि मनगट पुढे केलं. त्यावर घड्याळही आलं होतं.

पहिल्या होलवर हितेशभाई चेंडूसमोर उभे राहिले. परब शेजारी उभे होते, स्वच्छ डोळ्यांनी. काठी वर गेली. गुडघे एकीकडे, कोपर दुसरीकडे, आणि चेंडूला काठी लागायच्या आधीच मान वर, आभाळात. चेंडू दहा यार्ड घरंगळला.

"अंतर चुकलं का रे?" हितेशभाईंनी विचारलं.

परबांनी घसा खाकरला. "अंतर बरोबर होतं, साहेब. मारताना तुम्ही चेंडूकडे बघतच नाही."

"दोन वर्षांत हे कधी बोलला नाहीस?"

"आज दिसलं," परब म्हणाले, आणि पिशवी उचलून दहा पावलं चालत गेले.