वाघोबापुढे घेतलेलं नाव

जामसरच्या विहिरीची गोष्ट मी इतकी वर्षं टाळत आलो. कोणी विषय काढला की मी दुकानातलं कापड उलगडून दाखवायला लागायचो. आता लिहितो, कारण काकांनी मतांसाठी विहीर कबूल केली होती, असं जव्हारात अजून बोललं जातं. ते खोटं आहे.

काका म्हणजे संस्थानच्या प्रतिनिधी सभेतले आमचे सभासद. कर्ज काढून पाहुण्यांसाठी बंगला बांधायचा ठराव आला, तेव्हा विरोधात ते एकटे उभे राहिले. हे कर्ज फेडायला शेवटी डोंगरातल्या माणसाच्या नागलीवरच पट्टी बसणार, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. ठराव बारगळला. त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

पुढे आमच्या पक्षाचा अध्यक्ष निवडायची वेळ आली. गावोगावचे प्रतिनिधी हात वर करून निवड करणार होते. काकांच्या विरुद्ध एक लाकडाचे ठेकेदार उभे होते. त्यांच्याकडे रोज पंगती उठत. काका कोणाला चहासुद्धा पाजेनात. वर्गणी गरिबांच्या घरातून आलेली, ती अशी उडवायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. ठेकेदारांची माणसं बाजारात हसायची, "हा अध्यक्ष झाला तर सभेत पाणीसुद्धा मोजून मिळेल."

काकांसाठी मी पार खोडाळ्यापर्यंत पायी फिरलो. जामसरला गावच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याने विचारलं, उन्हाळ्यात आमच्या बाया पाण्यासाठी आटलेल्या नदीत झरे खणतात, तुझा माणूस विहीर देईल का? काकांना न विचारताच मी हो म्हणालो. तो मला शिवेवरच्या वाघोबाच्या दगडाकडे घेऊन गेला.

"तुझ्या माणसाच्या नावानं हात ठेव," म्हणाला.

मी ठेवला. मला वाटलं, देवाला नमस्कार करण्यासारखाच हा एक रिवाज. जामसरकरांच्या लेखी मात्र काकांनीच शपथ घेतली होती, आणि ती मोडली तर गावच्या गुरांवर वाघ येणार होता.

काका निवडून आले. जामसरचा हात त्यांच्याच बाजूने वर गेला. मी घातलेला हार त्यांनी लगेच काढून देवळात पाठवला, म्हणजे तिथे दुसरा घ्यायला नको.

पाऊस सरला आणि जामसरची एक गाय वाघाने नेली. दोन दिवसांत तो म्हातारा चार माणसं घेऊन जव्हारला आला. आमची सभा भरलेली होती, सगळ्यांदेखत त्याने काकांना सांगितलं, "तू वाघोबापुढं शब्द दिलास. पाळला नाहीस."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे बघत राहिलो.

"माझं नाव घेतलं गेलंय, तर विहीर होईल," ते म्हणाले. "पक्षाच्या पैशातून मात्र नाही."

त्यांनी आपलं तट्टू विकलं आणि खडक फोडायला सुरुंगवाले आणले. गावाने माती उपसली. उन्हाळ्याच्या आत पाणी लागलं, तेव्हा त्या काठावर उभं राहून माझी छाती फुगली होती, हेही लिहायला हवं. बाजारात मात्र लोक म्हणू लागले, यांनीही मतं विकतच घेतली. काकांनी कधी खुलासा केला नाही. मोखाड्याच्या सभांना ते आता पायी जात, आणि मी त्यांच्याबरोबर. वाटेत कितीदा तरी मनात कबुलीचं वाक्य जुळवलं, पण ते ओठांवर आलं नाही.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात भेटायला गेलो, तो ते वाक्य बोलायचंच असं ठरवून. अंथरुणाजवळ बसलो. माझ्याआधी काकाच बोलले.

"जामसरच्या विहिरीला पाणी आहे का रे?"

"आहे, काका. चैत्रातही आटत नाही."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. ते पुन्हा उघडतील म्हणून मी बराच वेळ बसून राहिलो.