फोडलेला डोळा

मिलिंददादा गेल्याचं आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींनी फोनवर सांगितलं आणि त्याच दमात म्हणाले, "शोकसभेत पाच मिनिटं बोल. चायनीज अक्षरं सुंदर काढायचे, तेवढंच. बाकीचं नको." माणूस जाऊन चार तास झाले नव्हते, आणि यांची काटछाट सुरू!

२००३मध्ये मी पुण्याहून कामाच्या व्हिसावर इंग्लंडला आले, तेव्हा पहिलं गरम जेवण वॉटफर्डला दादांच्या घरी जेवले. दादा नागपूरचे. दिवसा रेल्वेत सिग्नल इंजिनियर, संध्याकाळी चिनीचा क्लास. बुद्धवचनांची जुनी चिनी भाषांतरं वाचायची होती त्यांना... वाटेत एका अक्षरापाशी अडले ते अडलेच. त्याचं जुनं रूप त्यांनी मला काढून दाखवलं: एक डोळा, त्यात घुसलेली टोकदार सळई. काही अभ्यासकांच्या मते हा पकडून आणलेला गुलाम. राबता यावं पण लढता येऊ नये म्हणून एक डोळा फोडलेला. पुढे त्याच अक्षराचा अर्थ झाला जनता. आज 'नागरिक' लिहितानाही ते लागतंच. "किती छान, दादा!" मी म्हणाले. त्यांनी कुंचला खाली ठेवला. "छान काय त्यात? अर्थ बदलला, डोळा परत आला का?" मग त्यांच्या आजोबांना गाव काय म्हणून हाक मारायचं, ते सांगितलं.

पुढे मंडळात त्यांचं भाषण ठरलं, तेव्हा हेच त्यांना बोलायचं होतं. आडनाव ऐकल्यावरही "म्हणजे नक्की कोण?" असं विचारणाऱ्या आमच्या मंडळात! सेक्रेटरी म्हणाले, वाद नको. स्लाइड्स मी करत होते. डोळ्याचं चित्र मीच डिलीट केलं. पडद्यावर नुसती 'जनता' उरली. दादांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दहा मिनिटांत भाषण आटोपलं. गाडीत एवढंच म्हणाले, "पुसायला तुलाही येतं तर." सेक्रेटरींची चीड येतेच, पण त्याहून जास्त स्वतःची येते.

वेम्बलीच्या हॉलमधल्या शोकसभेत मी सगळं बोलले. सळई, आजोबा, माझी स्लाइड... सेक्रेटरी घड्याळ दाखवत राहिले आणि शेवटी माइकवर म्हणाले, "चिनी कलेची सुंदर माहिती मिळाली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत!

परवा दादांच्या खोलीत गेले. इथेच वाढलेली त्यांची मुलगी मैत्री टेबल आवरत होती. सरावाचा एक कागद उचलून म्हणाली, "आत्या, ही कागद खराब झाली ना? लाइन डोळ्यात गेली आहे. बिन करू?"

"खराब नाही गं. तो असाच काढायचा असतो."

मी तिला खाली बसवलं आणि तिच्या पणजोबांना गाव काय म्हणून हाक मारायचं, तिथून सुरुवात केली.