नंबर बदलतीन

मारेगावात डिशला छत्री म्हणतात, म्हणून तो छत्रीवाला. टेस्टर कानामागे खोचलेला. काहीही विचारा, आधी एक डोळा मिटून आभाळाकडे बघणार आणि मग म्हणणार, "पाहू ना, भाऊ." हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

बोंडअळीचं वर्ष होतं. आमच्या टीव्हीवरचं चित्र सारखं अडकायचं, म्हणून दुसऱ्या कंपनीची छत्री घ्यायची मी ठरवलं आणि त्याला बोलावलं. नव्या जोडणीवर त्याला कमिशन होतं. तो कशाला नाही म्हणेल?

तो आला तेव्हा बाबा कापसाचे भाव सांगणारं चॅनल लावत होते. हा दारातच उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिला. मग मला अंगणात नेऊन म्हणाला, "कंपनी बदलवू नोका, भाऊ. चॅनलचे नंबर बदलतीन."

"मग? नवे पाठ होतील की!" मी चिडलोच.

"बाबा पाहून थोडीच बटन दाबून राह्यले? अंगठ्यानं चाचपून राह्यले. त्याइले दिसते कुठं?"

मी रोज बाबांच्या शेजारी बसून जेवत होतो.

मी आत आलो तोवर तो शिडी लावून वर चढला होता आणि जुनीच छत्री फिरवत होता.

"आलं का चित्र?" तो वरून ओरडला.

मी तोंड उघडण्याआधीच बाबा म्हणाले, "आलं, आलं! साफ आलं!"

नुसता आवाज आला होता. पडदा काळाच होता.