वळणावरच्या चुण्या

अण्णा आधी लाल सुती दोरा पाण्यात बुडवायचे, दोन बोटांनी निपटायचे आणि टेबलावर पसरलेल्या कागदावर, एका रेघेवरून, सावकाश बसवत न्यायचे. कागदावर आमच्या सर्किट बोर्डाचा आराखडा कितीतरी पट मोठा करून छापलेला असे. जोडीच्या रेघेवर दुसरा दोरा. मग दोन्ही उचलून शेजारी शेजारी धरायचे आणि म्हणायचे, "दोघांनी एकदम पोचलं पाहिजे की."

अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस. खालचे माग सुरू झाले की चहात वर्तुळं उठत. मागावर लावायच्या कॅमेऱ्याचे बोर्ड आम्ही करायचो. धागा तुटला की कॅमेऱ्यानं ओळखायचं. कॅमेऱ्याचं चित्र तांब्याच्या दोन बारीक रेघांतून जोडीनं पळतं. वळणावर आतली रेघ आखूड पडते, तिच्यावरचा संदेश पुढे निघतो आणि चित्र बिघडतं. म्हणून तिला मुद्दाम नागमोडी करून लांबवायचं. अण्णा त्याला चुण्या म्हणत. तेलुगू विणकराच्या घरात वाढलेला माणूस.

मी नवी होते. म्हटलं, "अण्णा, लांबी कॉम्प्युटर सांगतो की."

"कॉम्प्युटर बेरीज सांगतोय, ताई. कुटं कमी पडलं ते दोरा सांगतोय. वळणावर कमी पडलं तर चुण्या वळणावरच. लांब जाऊन घातल्या तर बेरीज जुळंल, पण मधली सगळी वाट दोघांची चुकामूकच."

तुम्ही त्यांना संध्याकाळी मावशींबरोबर, म्हणजे त्यांच्या बायकोबरोबर, चालताना पाहायला हवं होतं. अण्णा झपाझप पुढे, मावशी मागे. पण प्रत्येक कोपऱ्यावर अण्णा थांबत. मावशी आल्या की मगच वळत. "घरी पोचून थांबला असता तरी चाललं असतं!" असं मावशी मला ऐकवण्यासाठी मराठीत म्हणायच्या, पुढचं तेलुगूत, फक्त त्यांच्यासाठी.

एकदा अण्णा लग्नाला गावी गेले होते. त्यांनी तपासून सही केलेला बोर्ड दुसऱ्या दिवशी बनायला जाणार होता. ऐनवेळी स्क्रूचं भोक सरकवायचं ठरलं. मी एका जोडीला नवं वळण दिलं आणि जागा नव्हती म्हणून चुण्या पार दुसऱ्या टोकाला घातल्या. कॉम्प्युटरनं हिरवी खूण दाखवली. दोरा लावला नाही.

बोर्ड आले. पडद्यावरच्या चित्रावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. गिऱ्हाइकासमोर साहेबांनी विचारलं, "लेआउट कुणाचा?"

मी खाली बघत राहिले.

"माझी सही हाय, साहेब," अण्णा म्हणाले.

त्यानंतर कॅमेऱ्याचे बोर्ड त्यांच्याकडून काढले आणि मला दिले. अण्णांकडे चार्जरचे साधे बोर्ड आले. दोऱ्याचा डबा त्यांनी स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवला. "घ्या. माझ्या बोर्डात आता जोड्याच न्हाईत. समदे ब्रह्मचारी." सगळे हसले. मीही हसले. ते हसू मला अजून टोचतं.

दोन वर्षं मी गप्प होते. मग अण्णा आजारी पडले, ऑफिसला येईनासे झाले, तेव्हा घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय," अण्णा म्हणाले. "बोर्ड आले त्याच दिवशी दोरा लावून बघितला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलाल म्हणून थांबलो." मग डोळे बारीक करून म्हणाले, "चुण्या लई लांब घातल्या, ताई." हसता हसता खोकला आला. पाणी प्यायल्यावर म्हणाले, "पण घातल्या."

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आता त्याचा काय उपयोग?" महिन्याभरानं अण्णा गेले.

डबा माझ्या टेबलावर आहे. प्रत्येक बोर्डाला दोरा लावते. नवी मुलं हसतात, मी हसू देते.

परवा ऑफिसमधून परतताना पुढे मावशी दिसल्या, एकट्याच, हातात भाजीची पिशवी. कोपऱ्यावर त्या थांबल्या. पुढे बघितलं. वळल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

मी पावलं उचलली आणि त्यांना तिथंच गाठलं.