भाऊंच्या मागून राघो

बाळकुमच्या त्या सोसायटीत भाऊ टिपणिसांच्या हाताला यश आहे, असं कुणालाही विचारलंत तरी सांगतील. दोन वर्षांत घरात एक खिळा हलला नाही. फळ्या, आरसे, कपड्यांच्या दोऱ्या, देव्हारा, सगळं भाऊंच्या हातचं आणि सगळं जागच्या जागी. हे खरं होतं. त्यातलं खोटं काय ते फक्त दोघांना ठाऊक होतं, भाऊंच्या बायकोला, म्हणजे शुभदाताईंना, आणि राघो सुताराला.

भाऊ चौतीस वर्षं ठाण्यात एका सरकारी कचेरीत होते, शेवटी अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल, नारळ आणि भाषणं झाली. ‘तुमच्यावाचून कचेरी चालायची नाही,’ असं जो तो म्हणाला आणि भाऊंनी ते मनावर घेतलं. पुढचे चार महिने हा गृहस्थ दहाच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून फोनजवळ बसायचा. काही अडलं तर विचारतील म्हणून. कचेरीचं काही म्हणता काही अडलं नाही. शुभदाताई स्वयंपाकघरातून बघत राहायच्या.

मग मुलाने, स्वानंदने, वाढदिवसाला ड्रिल मशीन आणून दिलं. तो राहतो घोडबंदर रोडला. अंतर म्हणाल तर हाकेचं, पण ट्रॅफिकच्या कृपेने महिन्यातून एकदाच उगवतो. “बाबांना काहीतरी विरंगुळा, आई,” म्हणाला आणि पोळीभाजी खाऊन गेला. विरंगुळा कसला, घरात तोफखाना आला. त्या पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर भाऊंनी कागदावर संकल्प लिहिला आणि फ्रिजवर चिकटवला: ‘यापुढे या घरात बाहेरचा कारागीर पाऊल टाकणार नाही.’ खाली सही आणि तारीख. अधीक्षकच ते.

पहिलं काम स्वयंपाकघरातली फळी. भाऊंनी भिंतीला भोकं पाडली, ती पडली अंमळ मोठी, तेव्हा त्यांत काड्यापेटीच्या काड्या कोंबल्या, वरून पांढरं सिमेंट लिंपलं आणि स्क्रू पिळले. फळी लागली. जरा तिरकी लागली, पण लागली. भाऊ चार पावलं मागे सरून बघत राहिले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. “कशी झालीय?” त्यांनी विचारलं. “छान झालीय,” शुभदाताई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

मंगळवारी भाऊ ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीला गेले आणि फळी खाली आली. कैरीच्या लोणच्याची बरणी फुटली, तेल ओट्याखाली शिरलं. शुभदाताईंनी कपाळाला हात लावला. भाऊ परत यायला दोन तास होते. त्यांनी बाळकुम गावातल्या राघोला फोन केला. जन्म बाळकुममध्ये गेलेला पन्नाशीचा आगरी गडी, हातात कसब आणि तोंडाला कुलूप. तासाभरात त्याने नव्या भोकांत नीट प्लग ठोकून फळी अशी बसवली की तिच्यावर माणूस उभा राहावा.

“वैनी, सरल लावू?” त्याने विचारलं होतं.

“नको. होती तशीच तिरकी लाव. त्यांच्या लक्षात येईल.”

राघो हसला. “सरल लावाला डोका लागत नाय. वाकरा लावून टिकवाला लागतो.”

भाऊ आले. बरणी कुठे, विचारलं. शुभदाताई म्हणाल्या, मांजराने पाडली. चौथ्या मजल्यावर मांजर कुठून यायला, पण भाऊंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी फळीला धरून हिसडा दिला. ती तसूभर हलली नाही. “बघ,” ते म्हणाले, “मांजर आलं, बरणी गेली, पण फळी?” त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण तो शर्ट, तो फोन शुभदाताईंच्या डोळ्यांसमोर आला आणि त्या ओट्याखालचं तेल पुसायला वाकल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एकदा झाकली की ती झाकतच राहावी लागते. भाऊ शनिवारी-रविवारी काहीतरी ठोकायचे आणि मंगळवारी राघो यायचा. पाठीला दप्तरासारखी पिशवी, वॉचमनला सांगायचा पाहुण्यांकडे आलोय म्हणून. शुभदाताई त्याच्या हातात चहा द्यायच्या आणि मागून भुसा झाडायच्या. देव्हाऱ्याच्या वेळी तर राघोने आधी देवांना हात जोडले आणि मगच खिळ्याला हात घातला. भाऊंचा उत्साह वाढत गेला. दुसऱ्या पाडव्याला दुसऱ्या कागदावर मोडी लिपी शिकायचा संकल्प लिहिला आणि पोहायचाही. मोडी बाराखडीपाशी थांबली, पोहणं कमरेइतक्या पाण्यात. पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. भिंती त्यांच्या बाजूने होत्या ना!

खरी पंचाईत झाली ती तिसऱ्या पाडव्याला. फ्रिजवर नवा कागद लागला: ‘आपले कौशल्य शेजाऱ्यांच्या कामी लावणे.’

शुभदाताईंनी तो वाचला आणि त्यांच्या हातातली श्रीखंडाची वाटी तशीच राहिली. आपल्या घरात राघो होता. शेजाऱ्यांच्या घरात कोण जाणार मागून? पहिले दोन महिने देवाच्या दयेने छत्र्यांचे हुक आणि कॅलेंडरं यांवर भागलं. पडली तर पडली, कुणाचा जीव जात नव्हता. एका मंगळवारी मात्र जेवताना भाऊंनी आमटीचा भुरका मारत सांगितलं, “काल पाचव्या मजल्यावर शांताबाईंच्या न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवला. स्टीलचा. बिचारी माघात घसरून पडली होती ना.”

शांताबाई एक्याऐंशी वर्षांच्या. मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडले की घरात एकट्या. शुभदाताईंनी हातातला घास ताटात ठेवला.

“काड्या घातल्यात का हो भोकांत?” त्यांनी जमेल तितक्या सहज विचारलं.

“मग? दुप्पट घातल्या.”

भाऊ बैठकीला गेल्यावर त्यांनी राघोला फोन लावला. राघोच्या भाचीची काल्हेरला हळद होती. फोन उचलला तो कुणा भलत्यानेच, मागे डीजे असा वाजत होता की शुभदाताई जे ओरडल्या ते पलीकडे कुणाला कळलं नाही. आणि आगऱ्यांची हळद, ती काय तासाभरात आटोपते? संध्याकाळपर्यंत त्यांनी आठ वेळा फोन केला. रात्रभर कूस बदलत राहिल्या. मनाशी म्हणत होत्या, उद्या राघो येईल, दोन दिवस कुठे काय होतंय. आणि दर वेळी त्यांना न्हाणीघरातली ओली फरशी दिसायची.

सकाळी साडेआठला त्या वाटीभर साखरआंबा घेऊन पाचव्या मजल्यावर गेल्या. दार शांताबाईंनीच उघडलं. खांद्यावर टॉवेल, आतून बादली भरल्याचा आवाज.

“या हो. आंघोळीला निघाले होते,” शांताबाई म्हणाल्या. “तुमचे भाऊ म्हणजे देवमाणूस. मुलगा म्हणत होता, कारागीर बोलावतो. मी म्हटलं, कशाला? टिपणिसांच्या घरात दोन वर्षांत खिळा हललेला नाही, अख्खी सोसायटी सांगते. भाऊंनाच सांग. आता कसं, निर्धास्त वाटतं.”

काड्या भाऊंनी घातल्या होत्या खऱ्या, पण या म्हातारीचा विश्वास शुभदाताईंनीच बसवला होता, राघोच्या हातून, एकेक मंगळवार करून.

“मी जरा बघू?” म्हणून त्या उत्तराची वाट न बघता आत शिरल्या. दांडा चकचकीत होता. जरा तिरका. त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि अंगातलं वजन टाकलं. करकर झालं आणि दांडा टाइलच्या टवक्यासकट हातात आला. काड्या भराभर ओल्या फरशीवर पडल्या. शुभदाताई भिंतीला टेकल्या म्हणून वाचल्या. शांताबाई दारात टॉवेल छातीशी धरून उभ्या होत्या.

“काय झालं?” मागून भाऊंचा आवाज आला. आपलं काम बघायला ते सकाळचे वर आले होते, तशी त्यांची रीतच होती. त्यांनी दांडा बघितला, भोकं बघितली, भिंतीवर बोटाने टकटक केलं. “भिंत पोकळ आहे,” ते म्हणाले. “बिल्डरची हरामखोरी. दांडा त्या बाजूला घेऊ, दहा मिनिटांचं काम. माझं काम कधी पडत नाही. हिला विचारा, आमच्या घरात—”

“पडतं,” शुभदाताई म्हणाल्या.

भाऊ वळले.

“सगळं पडतं. पहिली फळी चार दिवसांत पडली. आरसा, दोऱ्या, सगळं. राघो येतो दर मंगळवारी, तुम्ही संघात गेलात की. तो पुन्हा लावतो. देव्हारासुद्धा.” त्यांनी शांताबाईंकडे हात केला. “अहो, या पडल्या असत्या. माझ्यामुळे पडल्या असत्या.”

नळ चालू होता. शांताबाईंनी पुढे होऊन तो बंद केला आणि ऐकलंच नसल्यासारख्या बाहेर गेल्या. वयाचे काही फायदे असतात. भाऊ उकिडवे बसले आणि फरशीवरच्या काड्या एकेक करून उचलायला लागले. सगळ्या उचलून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

राघो दुसऱ्या दिवशी दुपारी आला, नखं अजून हळदीने पिवळी. या वेळी वॉचमनला खरं काम सांगून. पाचव्या मजल्यावर त्याने दांडा बसवला, आणि भाऊ शेजारी टॉर्च धरून उभे होते. भोक केवढं, प्लग केवढा, सगळं विचारून घेत होते. “भाऊ, लोंबकलून बघा,” राघो म्हणाला. भाऊ लोंबकळले. दांडा हलला नाही, आणि सरळही होता. “शांताबाई, हे राघोचं काम आहे,” भाऊ खणखणीत आवाजात म्हणाले. “बिनधास्त धरा.” शुभदाताईंना हायसं वाटलं. निभावलं म्हणायचं. माणूस वाटला होता त्याहून घट्ट निघाला.

घरी आल्यावर भाऊंनी फ्रिजवरचे तिन्ही कागद काढले, नीट घडी घालून खिशात ठेवले. मग घरभर हिंडून एकेका वस्तूला हात लावला. फळी, आरसा, दोरी. शुभदाताईंनी चहा ठेवला तेव्हा ते खुर्चीत येऊन बसले होते.

“शुभदा, रत्नदीप आठवतो तुला? माझ्या हाताखालचा.”

“न आठवायला काय झालं? दिवाळीला यायचा.”

“साडेपाचला मी उठलो की म्हणायचा, साहेब, तुम्ही व्हा पुढे, मी आवरून निघतो. माझ्या टेबलावरच्या फायली घेऊन बसायचा. रोज. अकरा वर्षं.” भाऊ कपाकडे बघत होते. “मला वाटायचं, किती कामसू मुलगा.”

शुभदाताईंनी गाळणं दुसऱ्या कपावर धरलं.

“तो माझा राघो होता का गं?”

“छे हो. काहीतरीच काय? तुमचं काम चोख होतं,” त्या म्हणाल्या. लगेच म्हणाल्या, गोड म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांच्या कानांना तो आवाज ओळखू आला. दोन वर्षं प्रत्येक फळीखाली उभं राहून ‘छान झालीय’ म्हणणारा.

भाऊंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनाही तो आवाज ओळखता यायला लागला होता.