वरून टाकलेलं तेल

नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. घरच्यांना शहाणपण शिकवायची खोड मला याच नोकरीनं लावली. जळकोटजवळच्या आमच्या गावी शेती दादा, माझा थोरला भाऊ, बघायचा. वडिलांना, म्हणजे अण्णांना, आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिसला न्यायचं कामही त्याच्याचकडे होतं. त्यासाठी घरची जुनी डिझेल जीप होती. मी सुट्टीत जायचो आणि सल्ले देऊन परत यायचो.

दादा दरवर्षी खंडेनवमीला जीपचं ऑइल बदलायचा. गाडी धुवायची, काळं तेल काढायचं, नवं भरायचं, मग झेंडूचा हार घालून पूजा. वर्षभरात गाडी किती पळाली याच्याशी त्या बदलण्याचा काडीचा संबंध नसे. तेल खराब झालं की नाही, हे पंचांग कसं सांगणार? मी नवरात्राआधी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून नमुन्याची बाटली मागवली. इंजिन गरम असताना थोडं तेल काढून पाठवायचं. त्यात लोखंड किती, धूळ किती, तेलाचा दाटपणा किती उरला, हे ते लोक मोजतात. लोखंड जास्त निघालं तर इंजिन आतून झिजतंय असं समजायचं.

दादानं नमुना काढून माझ्याकडे नांदेडला पाठवला. सोबतचा फॉर्म मी माझ्या टेबलावर बसून भरला. गाडी कोणती, तेल कधी भरलं, किलोमीटर किती झाले. एक रकाना होता: मध्यंतरी वरून किती तेल टाकलं? मी शून्य लिहिलं. दादाला फोन करायला दोन मिनिटं लागली असती. त्याला विचारण्यासारखं काही असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

अहवाल उत्तम आला. लोखंड कमी, तेल चांगलं, आणखी वापरायला हरकत नाही. गावी जाऊन मी तो अण्णांना वाचून दाखवला. आकडे त्यांना कळले नाहीत, पण पुढं चार दिवस ते आल्यागेल्याला माझं कौतुक सांगत होते. मला ते फार आवडलं, हेही कबूल करतो.

"नवमीला काळं तेल ठेवून पूजा करायची?" दादानं विचारलं.

"काळं म्हणजे खराब नसतं," मी म्हणालो. त्या वर्षी तेल बदललं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी लातूरला जाताना चाकूरच्या अलीकडे जीपचं इंजिन जाम झालं. तापामुळे अण्णांची आधीची एक खेप चुकली होती. अंगावर सूज होती, धाप लागत होती. दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली. संध्याकाळी अण्णा गेले.

तेराव्यानंतर मी आणि दादा गॅरेजात गेलो. मिस्त्रीनं इंजिन उघडून ठेवलं होतं. बेअरिंगं पार घासून गेली होती.

"तेल खायची का गाडी?" त्यानं विचारलं.

"व्हय, लई खायची," दादा म्हणाला. "वर्ष झालं, दर पंधरा दिवसाला लिटरभर टाकायलोय मी."

त्या रकान्यात मी शून्य लिहिलं होतं. झिजलेलं लोखंड तेलात होतंच, दादाच्या नव्या तेलानं ते पातळ होत गेलं. द्रावण पातळ केलं की आकडा उतरतो, हे मी दरसाल फळ्यावर शिकवतो. खरा आकडा लिहिला असता तर त्या लोकांनी गाडी उभी करायला सांगितलं असतं.

परत येताना दादाला सगळं सांगितलं. तो रस्त्याकडे बघत बसला होता.

"मला इचारायचं होतंस," तो म्हणाला. "त्या दिवशी गाडी बंद पडली तसा मागून एक टेम्पो आला. थांबला बी. मी अण्णाला म्हणलं, चला, यातून जाऊ. ते उतरंनात. म्हणले, धाकट्यानं इंजिन तपासून आणलंय, त्याला काय बी झालं न्हाई. थांब जरा, चालू होईल."

"मग?"

"मग टेम्पो गेला. मला बी तसंच वाटलं. बॉनेट उघडून बसलो."

"किती वेळ?"

"दीड तास," दादा म्हणाला.